सार्वजनिक द्रव्य आणि खुली विद्या : मानवी जीनोमचा इतिहास

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन आपल्याकडील शाळांच्या फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलें जात आलें आहे. परंतु विद्या मिळविण्यास द्रव्य लागतें, आणि द्रव्याचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तें दिल्यानें कमी होतें. म्हणून जेथें विद्या आणि द्रव्य यांची गांठ पडते तेथें एक जुना प्रश्न उभा राहतो. करदात्यांच्या पैशांतून जें ज्ञान मिळवावयाचें तें अखेर कोणाचें? शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाचें, अनुदान देणाऱ्या सरकारचें, त्याचा माल करून विकणाऱ्या व्यापाऱ्याचें, कीं ज्यांच्या खिशांतून पैसा आला त्या सर्व लोकांचें? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाहीं. मानवी जीनोमच्या वाचनाचें जें प्रचंड कार्य त्या वेळीं चाललें होतें त्याच्या दारांत तो प्रत्यक्ष येऊन उभा राहिला, आणि शास्त्रज्ञांना, अधिकाऱ्यांना, इतकेंच नव्हे तर राष्ट्रप्रमुखांनाही त्याचें उत्तर द्यावें लागलें. त्या उत्तराचा हा इतिहास आहे.

प्रथम जीनोम म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. प्राण्याच्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत डीएनए नांवाच्या द्रव्याचे लांबच लांब धागे गुंडाळून ठेविलेले असतात. हे धागे चार रासायनिक घटकांच्या ओळींनीं बनलेले आहेत. ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांनीं शास्त्रज्ञ त्यांचा निर्देश करितात. शरीर कसें घडवावयाचें व कसें चालवावयाचें याच्या सूचना या अक्षरांच्या क्रमांत सांठविलेल्या असतात. मनुष्याच्या एका संपूर्ण संहितेंत अशीं सुमारें तीनशें कोटी अक्षरें आहेत. या समग्र मजकुराचें नांव जीनोम. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनीं १९७७ सालीं हीं अक्षरें वाचण्याची एक उत्तम रीति शोधून काढली. परंतु तिनें एका वेळीं कांहीं शें अक्षरेंच वाचतां येत. म्हणून मूळ धाग्याच्या अनेक प्रती करावयाच्या, त्यांचे बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा वाचावयाचा, आणि मग ज्यांच्या कडा एकमेकांशीं जुळतात ते तुकडे शेजारीं ठेवून मूळ मजकूर पुन्हां उभा करावयाचा, असा हा व्यवहार होता. वाळवीनें खाल्लेल्या एकाच पोथीच्या दहा प्रती हातीं आल्या असतां त्यांवरून एक शुद्ध प्रत तयार करणाऱ्या पंडिताचें कामही याच जातीचें. फरक इतकाच कीं, येथें पोथी तीनशें कोटी अक्षरांची होती आणि तींत विरामचिन्ह एकही नव्हतें.

या कार्याचा पाया घातला गेला तो मात्र मनुष्यावर नव्हे, एका कृमीवर. जमिनींत राहणारा, अवघा एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक अंगाचा सी. एलेगन्स नांवाचा एक कृमि आहे. १९६० नंतरच्या दशकांत केंब्रिज येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेंत सिडनी ब्रेनर यांनीं तो अभ्यासासाठीं निवडला. ही कौन्सिल ब्रिटिश सरकारच्या अनुदानावर चालते. १९६९ सालीं जॉन सल्स्टन हे या प्रयोगशाळेंत दाखल झाले. प्रजननपेशी वगळतां या प्रौढ कृमीच्या शरीरांत ९५९ पेशी असतात. एकाच पेशीपासून त्या सर्व कशा निर्माण होतात याची समग्र वंशावळ सल्स्टन व त्यांचे सहकारी यांनीं सूक्ष्मदर्शकाला तासन्‌तास डोळा लावून तयार केली. १९८३ पर्यंत ती पुरी झाली. त्यानंतर सल्स्टन आणि ॲलन कूल्सन यांनीं त्याच कृमीच्या जीनोमचा नकाशा करावयास घेतला, आणि पुढें अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रॉबर्ट वॉटरस्टन त्यांना येऊन मिळाले.

कृमीचा अभ्यास करणाऱ्यांचा समाज लहान होता आणि त्याची एक चांगली चाल होती. १९७५ पासून ‘वर्म ब्रीडर्स गॅझेट’ नांवाची एक साधी पत्रिका त्यांच्यांत फिरत असे, आणि रीतसर निबंध छापून येण्यापूर्वींच आपल्या हातीं आलेली माहिती जो तो तींत देत असे. जीनोमच्या नकाशाचें काम याच चालीनें झालें. नकाशा जसजसा भरत जाई तसतसा तो सर्वांना पाहावयास मिळे. ज्याला एखाद्या जनुकाचा शोध घ्यावयाचा असेल त्यानें डीएनएचा तेवढा तुकडा मागवून घ्यावा. ही माहिती सांठवून ठेवण्यासाठीं रिचर्ड डर्बिन आणि झाँ थिएरी-मिएग यांनीं एसीडीबी नांवाची एक संगणक-आज्ञावली तयार केली. ज्याला आज मुक्त-स्रोत म्हणतात त्या रीतीनें तिचा मूळ मजकूरही मागेल त्याला मिळत असे. यांत केवळ औदार्य नव्हतें, व्यवहारही होता. नकाशा अपुरा असतो तेव्हांच वाटसरूला त्याची अधिक गरज असते. आणि अनेक लोक तो वापरूं लागले कीं चुका सांपडतात, गाळलेल्या जागा भरून निघतात, आणि अनुदान देणाऱ्यांनाही आपल्या पैशाचें चीज झालेलें दिसतें. जो नकाशा पेटींत कुलुपबंद राहिला त्याची चूक कोणीं दाखवावी?

अशी तयारी होत असतां १ ऑक्टोबर १९९० रोजीं अमेरिकेंत मानवी जीनोम प्रकल्पाला अधिकृत आरंभ झाला. तीनशें कोटी अक्षरें, तीनशें कोटी डॉलर आणि पंधरा वर्षें असा तो संकल्प होता. म्हणजे अक्षरागणिक एक डॉलर. पैसा अमेरिकन काँग्रेसनें मंजूर करावयाचा आणि राष्ट्रीय आरोग्य संस्था व ऊर्जा खातें या दोघांनीं तो खर्च करावयाचा, अशी व्यवस्था झाली. आरोग्य संस्थेच्या बाजूचे प्रमुख होते जेम्स वॉटसन. फ्रान्सिस क्रिक यांच्यासह १९५३ सालीं डीएनएची रचना उलगडणारे तेच हे वॉटसन. मनुष्याकडे वळण्यापूर्वीं लहान प्राण्यांवर हात बसवावा म्हणून कृमीच्या जीनोमलाही अनुदान मिळालें. त्याची सुमारें ९ कोटी ७० लक्ष अक्षरांची संहिता १९९८ च्या डिसेंबरमध्यें प्रसिद्ध झाली. बहुपेशीय प्राण्याचा जीनोम वाचला गेल्याचें हें पहिलेंच उदाहरण होय.

परंतु सरकारी पैशानें मिळविलेलें ज्ञान आपोआप खुलें राहतें असें नाहीं. किंबहुना पहिला अडथळा सरकारी संस्थेंतच उत्पन्न झाला. आरोग्य संस्थेंतील क्रेग व्हेंटर यांनीं जनुकांचे लहान लहान तुकडे झपाट्यानें वाचण्याची युक्ति अवलंबिली होती. ते तुकडे कोणत्या कामाचे हें अद्याप ठाऊक नसतांनाच १९९१ सालीं संस्थेनें त्यांवर पेटंट मागणारे अर्ज केले. सार्वजनिक द्रव्यानें लागलेल्या शोधाचा हक्क सरकारच्या हातीं असला म्हणजे कारखानदार निर्धास्तपणें पुढें येऊन औषधें तयार करतील, अशी या अर्जांमागील विचारसरणी होती. ती अगदींच बिनबुडाची नव्हती. सार्वजनिक अनुदानांतून निघालेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांनीं घ्यावे यास अमेरिकेनें १९८० च्या बे-डोल कायद्यानें उत्तेजनच दिलें होतें. परंतु वॉटसन यांनीं या अर्जांना कडाडून विरोध केला. संस्थेच्या संचालिका बर्नाडीन हीली यांच्याशीं त्यांचा बेबनाव वाढत गेला, आणि १९९२ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं पद सोडलें. पेटंट कचेरीनें अर्ज नाकारले. १९९४ सालीं संस्थेनें तो नादच सोडून दिला. तीन वर्षांच्या या वादांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. खुलेपणा हा अनुदानाच्या पाठोपाठ चालत येत नाहीं. तो अनुदानाच्या अटींत लिहावा लागतो.

याच सुमारास दुसरी परीक्षा आली. सल्स्टन आणि वॉटरस्टन यांचा हातखंडा पाहून १९९२ च्या आरंभीं एका अमेरिकन धनिकानें त्या दोघांना खाजगी कंपनींत ओढण्याचा प्रयत्न केला. त्यांची अडचण खरी होती. कामाचा व्याप वाढत होता, आणि कौन्सिलच्या अनुदानांत एवढा मोठा व्याप बसत नव्हता. अशा वेळीं वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेनें हात पुढें केला. हेन्री वेलकम या औषधनिर्मात्याच्या मृत्युपत्रान्वयें १९३६ सालीं स्थापन झालेला हा ट्रस्ट १९९२ सालीं आपल्या कंपनीचे पुष्कळ भाग विकून विशेष सधन झाला होता. ट्रस्ट व कौन्सिल यांच्या संयुक्त पैशानें केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन या खेड्यांत १९९३ सालीं सँगर सेंटर उभें राहिलें. सल्स्टन हे त्याचे पहिले संचालक झाले.

अक्षरांवरील मालकीचा वाद रुग्णाच्या खाटेपर्यंत कसा पोंचतो हें लवकरच दिसून आलें. स्तनाचा कर्करोग कांहीं कुटुंबांत पिढीजात आढळतो. अशा रोगाशीं निगडित असलेलें एक जनुक १९९४ सालीं सांपडलें होतें, आणि त्याच वर्षीं लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील माइक स्ट्रॅटन यांच्या गटानें दुसऱ्या जनुकाची जागा तेराव्या गुणसूत्रावर निश्चित केली. या कामांतील त्यांच्या एका अमेरिकन सहकाऱ्याचा संबंध मिरियड जेनेटिक्स या कंपनीशीं होता. शोधाचा व्यापार कोणाच्या अटींवर होणार हें ध्यानांत येतांच स्ट्रॅटन यांनीं तें सहकार्य संपविलें. सँगर सेंटरनें गुणसूत्राचा तेवढा भाग वाचून दिला आणि १९९५ च्या डिसेंबरमध्यें दुसरें जनुक सांपडल्याचें जाहीर झालें. तें प्रसिद्ध होतें न होतें तोंच मिरियडनेंही त्यावर पेटंटचा अर्ज दाखल केला. पुढें अनेक वर्षें अमेरिकेंत या जनुकांची तपासणी म्हणजे जवळजवळ त्या एकाच कंपनीची मक्तेदारी होऊन बसली. ज्या स्त्रीच्या आईला व मावशीला हा रोग झाला, तिनें आपल्या अंगीं काय आहे हें जाणण्यासाठीं एकाच दुकानाची पायरी चढावी, असा त्याचा अर्थ होता.

ही धामधूम चालू असतां वेलकम ट्रस्टनें १९९६ च्या फेब्रुवारींत बर्म्युडा बेटावर एक बैठक बोलाविली. निरनिराळ्या राष्ट्रांतील जीनोम-केंद्रांचे प्रमुख आणि त्यांना अनुदान देणाऱ्या संस्थांचे अधिकारी तेथें एकत्र आले. कोणीं कोणता भाग वाचावयाचा याची वांटणी हा एक विषय होता. परंतु खरा प्रश्न वाचलेल्या अक्षरांचें करावयाचें काय हा होता. सल्स्टन यांनीं फळ्यावर मुद्दे लिहिले, आणि चर्चेअंतीं जीं तत्त्वें ठरलीं तीं अशीं : एक हजार अक्षरांहून लांब असा जो मजकूर जुळून तयार होईल तो आपोआप, आणि शक्य तर चोवीस तासांच्या आंत, सार्वजनिक भांडारांत जमा करावा, पुरा झालेला शुद्ध मजकूर तात्काळ प्रसिद्ध करावा, आणि समग्र मानवी संहिता संशोधन व उत्पादन या दोहोंसाठीं सर्वांना मोफत उपलब्ध असावी.

या तत्त्वांतील चोवीस तासांची अट वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु सारें मर्म तींतच आहे. शास्त्रज्ञाची कमाई पैशांत मोजली जात नाहीं, ती अग्रक्रमाच्या मानांत मोजली जाते. हातीं आलेलें साधन वर्ष-दोन वर्षें जवळ ठेवावें, त्यावर निबंध लिहावा, तो छापून आला म्हणजे मग साधन बाहेर द्यावें, ही विद्यापीठांतील शिरस्त्याची वाट. बर्म्युडाच्या ठरावानें ही वाट बंद केली. ज्यानें रात्रीं जागून अक्षरें वाचलीं त्यानें तीं सकाळीं आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही द्यावयाचीं होतीं. अशी घाई केली तर कच्चा व सदोष मजकूर बाहेर पडेल, अशीही शंका होती, आणि ती खोटी नव्हती. कांहीं राष्ट्रांच्या सरकारांना तर आपल्या पैशाचें फळ प्रथम आपल्या उद्योगधंद्यांनीं चाखावें असें वाटत होतें. तरीही ठराव टिकला, याचें कारण त्या बैठकींत शास्त्रज्ञांच्या शेजारीं पैसा देणारे बसले होते. ज्यास अनुदान पाहिजे त्यानें हीं तत्त्वें पाळावीं, असा दंडक त्यामुळें घालतां आला. सद्बुद्धीला हिशेबाच्या वहीचा आधार मिळाला.

तत्त्व ठरविणें सोपें. तें रोज पाळणें कठीण. प्रत्येक केंद्राची माहिती लिहून ठेवण्याची पद्धत निराळी होती, आणि एकाचें टिपण दुसऱ्याच्या संगणकास वाचतां येत नसे. ही अडचण दूर करण्यास पर्ल नांवाची एक संगणक-भाषा उपयोगी पडली. लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं ती तयार करून सर्वांसाठीं मोकळी सोडली होती. या फुकट मिळणाऱ्या भाषेंत लिहिलेल्या लहान लहान आज्ञावल्यांनीं निरनिराळ्या केंद्रांचीं कोठारें एकमेकांस जोडलीं; पर्लनें मानवी जीनोम प्रकल्प कसा वाचविला अशा अर्थाचा लेखच लिंकन स्टाइन यांनीं १९९६ सालीं लिहिला आहे. पुढें १९९९ मध्यें हिंक्स्टन येथें एन्सेम्बल नांवाचा उपक्रम सुरू झाला. वाचलेल्या संहितेंत जनुकें कोठें आहेत हें शोधून दाखविणें हें त्याचें काम, आणि त्याच्या आज्ञावल्याही मुक्त-स्रोतच ठेवण्यांत आल्या. अक्षरें खुलीं आणि तीं वाचण्याचें साधन मात्र बंद, असें झालें असतें तर त्या खुलेपणास कांहींच अर्थ उरला नसता.

मे १९९८ मध्यें खरें वादळ आलें. व्हेंटर यांनीं आरोग्य संस्था १९९२ सालींच सोडली होती. आतां एका मोठ्या यंत्रनिर्मात्या कंपनीच्या भांडवलावर नवी कंपनी काढून तीन वर्षांत, सुमारें ३० कोटी डॉलरांत, आपण सारा मानवी जीनोम वाचूं, असें त्यांनीं जाहीर केलें. हीच सेलेरा कंपनी. आधीं नकाशा करीत न बसतां साऱ्या जीनोमचे एकदम तुकडे करावयाचे आणि संगणकाच्या बळावर ते जुळवावयाचे, ही त्यांची पद्धत होती. तयार झालेल्या माहितीचें भांडार वर्गणीदारांना विकावयाचें, हा धंदा होता. साहजिकच अमेरिकेंत प्रश्न निघाला कीं, जें काम खाजगी कंपनी आपल्या पैशानें आणि लवकर करून देत आहे त्यासाठीं करदात्याचा पैसा कां ओतावा? हा प्रश्न विचारणारे लोक मूर्ख नव्हते. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्यानें तो कां खर्च करितो हें सांगितलेंच पाहिजे.

वेलकम ट्रस्टनें कांहीं दिवसांतच उत्तर दिलें. त्यानें आपलें अनुदान दुपटीहून अधिक वाढवून एकूण २० कोटी ५० लक्ष पौंडांवर नेलें, आणि संहितेचा एकतृतीयांश भाग सँगर सेंटर वाचील असें सांगितलें. अमेरिकेंतील प्रकल्पाचे नवे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स यांनींही वेळापत्रक पुढें ओढलें. कच्चा मसुदा २००० सालच्या वसंत ऋतूपर्यंत पुरा करण्याचें १९९९ च्या मार्चमध्यें ठरलें. या घाईची किंमतही पडली. शुद्ध प्रतीचें काम मागें टाकून आधीं मसुदा काढावा लागला, आणि बहुतेक सारें काम पांच मोठ्या केंद्रांकडे एकवटून लहान प्रयोगशाळा बाजूला पडल्या. सार्वजनिक कार्यालाही स्पर्धेंत उतरलें म्हणजे स्पर्धेचे दोष चिकटतात.

शिवाय ही स्पर्धा विषम होती. सार्वजनिक केंद्रें रोज आपलीं अक्षरें जगापुढें मांडीत. सेलेरा तीं घेई, आपल्या अक्षरांत मिसळी, आणि आपलीं मात्र कपाटांत ठेवी. खुल्या कणगींतून धान्य नेलें तर कणगी रिती होते. येथें ती रिती होत नव्हती हें खरें. तरी ज्याच्या श्रमानें ती भरली त्याच्याच धान्याचें पीठ करून त्याला विकावें, हा प्रकार पुष्कळांना खटकला. सल्स्टन आणि त्यांचे सहकारी टिम हबर्ड यांनीं यावर एक उपाय विचारांत घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं संगणक-आज्ञावल्यांसाठीं एक परवाना तयार केला होता. जो घेईल त्यानें तें वापरावें, बदलावें, वांटावें. परंतु बदललेलें वांटावयाचें झाल्यास त्याच मोकळ्या अटींवर वांटावें, हें त्याचें सार. असाच परवाना मानवी संहितेस लावावा काय? विचाराअंतीं तो बेत सोडून देण्यांत आला. अमेरिका, युरोप व जपान येथील सार्वजनिक भांडारें कोणतीही अट नसलेली माहितीच ठेवीत. आणि एका लबाडास अडविण्यासाठीं घातलेलें कुंपण हजार प्रामाणिक वाटसरूंना आडवें आलें असतें. सेलेराशीं समेटाच्या वाटाघाटीही झाल्या. परंतु एकत्र केलेल्या माहितीवर कंपनीस कांहीं वर्षांचा अनन्य अधिकार हवा होता, आणि त्या मुद्द्यावर २००० सालच्या मार्चमध्यें त्या मोडल्या.

त्याच महिन्याच्या १४ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन व ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीं संयुक्त निवेदन काढून मूळ मानवी संहिता सर्व शास्त्रज्ञांना मोकळेपणीं मिळाली पाहिजे असें सांगितलें. त्या दिवशीं जैवतंत्राच्या कंपन्यांचे भाव कोसळले. मात्र निवेदनानें तुकडे जुळत नाहींत. सार्वजनिक केंद्रांकडे तुकड्यांचा ढीग होता, पण तो जुळविणारी समर्थ आज्ञावली नव्हती. तें काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील शाखेंतील जिम केंट या विद्यार्थ्यानें अंगावर घेतलें. सुमारें महिनाभर तो अहोरात्र लिहीत होता. दुखणाऱ्या मनगटांना तो रात्रीं बर्फ लावी. शंभर साध्या संगणकांच्या तांड्यावर त्याची आज्ञावली चालली, आणि २२ जून २००० रोजीं सार्वजनिक मसुदा जुळून तयार झाला. २६ जून रोजीं व्हाइट हाउसमध्यें कॉलिन्स आणि व्हेंटर यांना दोन्ही बाजूंस घेऊन क्लिंटन यांनीं मसुदा पुरा झाल्याचें जाहीर केलें. ७ जुलै रोजीं तो सार्वजनिक मसुदा इंटरनेटवर ठेविला गेला. ज्याच्याजवळ संगणक व तार आहे अशा कोणासही, कोणाची परवानगी न घेतां, मनुष्यजातीची संहिता त्या दिवसापासून वाचतां येऊं लागली.

दोन्ही बाजूंचे निबंध २००१ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाले. पैकीं सेलेराची अक्षरें तिच्याच स्थळावर, विद्यापीठांतील संशोधकांना आठवड्यास दहा लक्ष एवढ्याच मापानें फुकट मिळावयाचीं होतीं. सार्वजनिक संहिता शुद्ध होऊन १४ एप्रिल २००३ रोजीं, ठरल्या मुदतीच्या दोन वर्षें आधीं, पुरी झाल्याचें जाहीर झालें. १९९१ सालच्या किमतीनें हिशेब केल्यास अमेरिकेचा खर्च सुमारें २७० कोटी डॉलर झाला. वाचतां न आलेला सुमारें आठ टक्के भाग मात्र उरला होता. तो २०२२ सालीं भरून निघाला. माहिती विकण्याचा सेलेराचा धंदा फार दिवस चालला नाहीं. २००५ सालीं तिनें आपलीं अक्षरेंही सार्वजनिक भांडारांत दिलीं. मिरियडच्या पेटंटांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निसर्गांत जसें आहे तसें जनुक कोणाच्याही पेटंटाचा विषय होऊं शकत नाहीं असा निर्णय १३ जून २०१३ रोजीं न्यायालयानें एकमतानें दिला. प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनविलेल्या प्रतीस मात्र तो निर्णय लागू नाहीं.

मोकळेपणानें खरोखर लाभ झाला काय, याचीही तपासणी झाली आहे. हायडी विल्यम्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीनें जीं जनुकें कांहीं काळ सेलेराच्या ताब्यांत होतीं त्यांची तुलना सार्वजनिक भांडारांतील जनुकांशीं केली. ताब्यांतील जनुकांवर पुढें झालेलें संशोधन आणि त्यांतून निघालेल्या रोगतपासण्या हीं वीस ते तीस टक्क्यांनीं कमी भरलीं, असें तिनें २०१३ सालीं दाखविलें. कुलूप एक-दोन वर्षांचेंच होतें, परंतु त्याचा गंज पुढें बराच काळ टिकला.

या खुल्या कोठाराचा एक धागा भारतापर्यंतही आला आहे. क्षयाच्या जंतूची सुमारें ४४ लक्ष अक्षरांची संहिता सँगर सेंटर व पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केली. २००८ सालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, समीर ब्रह्मचारी हे महासंचालक असतां, क्षयावरील औषधाच्या शोधासाठीं सरकारी अनुदानानें एक मुक्त-स्रोत उपक्रम सुरू केला. त्यांत देशभरांतील शेंकडों विद्यार्थ्यांनीं त्या जंतूच्या सुमारें चार हजार जनुकांची माहिती पुन्हां तपासून २०१० सालीं ती सर्वांसाठीं खुली केली. ज्यांच्या महाविद्यालयांत महागडीं यंत्रें नव्हतीं अशा मुलांना हें काम करतां आलें, तें मूळ अक्षरांवर कोणाचें कुलूप नव्हतें म्हणूनच. अर्थात्‌ संहिता खुली झाली म्हणजे औषध तयार झालें असें नव्हे. औषधाच्या चाचण्यांस वेळ लागतो, पैसा लागतो, धीर लागतो. तेथें विद्येचें दान पुरेसें होत नाहीं.

शेवटीं या इतिहासाची कमी बोलली जाणारी बाजूही सांगितली पाहिजे. विहीर खणण्यास वर्गणी मिळते. तिचा गाळ उपसण्यास मिळत नाहीं. अनुदान तीन वर्षांचें किंवा पांच वर्षांचें असतें, आणि खुल्या भांडाराची जोपासना कायमची असते. मोहरीच्या कुळांतील ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या माहितीचें मोठें भांडार अमेरिकन सरकारच्या अनुदानावर १९९९ पासून सर्वांस मोफत होतें. तें अनुदान २०१३ सालीं आटलें आणि भांडारास वर्गणी लावावी लागली. ज्या कृमीपासून हें सारें कार्य सुरू झालें त्याच्या भांडाराचें अनुदानही कमी करून त्यास इतर प्राण्यांच्या भांडारांत विलीन करण्याची सूचना २०१६ सालीं पुढें आली, तेव्हां हजारों जीवशास्त्रज्ञांनीं सह्या करून निषेध नोंदविला. नव्या शोधाचा समारंभ व्हाइट हाउसमध्यें होतो. जुन्या नोंदी शुद्ध करीत बसणाऱ्या कारकुनाचा समारंभ कोठेंच होत नाहीं. परंतु त्या नोंदी बिघडल्या तर शोधाचें मोल किती दिवस राहील?

सल्स्टन यांना कृमीवरील कार्याबद्दल २००२ सालीं ब्रेनर व रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. २०१८ च्या मार्चमध्यें ते वारले. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या हट्टानें जें साधलें तें एका संहितेपुरतें नाहीं. सार्वजनिक पैशानें चालणाऱ्या विद्येचा दंडक कसा असावा, याचा एक कित्ता त्यांनीं घालून दिला. काम सुरू होण्यापूर्वींच खुलेपणाची अट लिहून घ्यावी. ती पैसा देणाऱ्यांनीं पाळून घ्यावी. माहितीबरोबर साधनेंही खुलीं ठेवावीं. आणि भांडार उभें राहिल्यावर त्याच्या देखभालीची तरतूद विसरूं नये. या चार गोष्टींपैकीं पहिल्या तिन्ही मानवी जीनोमच्या कार्यांत साधल्या. चौथी अद्याप साधावयाची आहे, आणि ती साधण्याचें काम शास्त्रज्ञांइतकेंच ज्यांच्या पैशांतून अनुदान दिलें जातें त्या नागरिकांचें आहे.